तण कोणाला म्हणावे?

परसदारी टोमॅटोचा एक लहानसा वाफा करावा, त्यात दहावीस रोपे लावावीत आणि मग पंधरा दिवस त्याकडे दुर्लक्ष करावे. म्हणजे मातीच्या पोटात किती निरनिराळी कुळे वस्तीला असतात याचा प्रत्यय कोणालाही येतो. लावलेली रोपे अजून मूळ धरण्याच्या विवंचनेत असतात. न लावलेली मात्र घरच्यासारखी वर येतात. घोळ जमिनीला बिलगून पसरते, काठेमाठ ताठ उभा राहतो, केना आपली इवली निळी फुले मिरवू लागतो, हरळी एका कडेने आत शिरते आणि ओळींच्या मधोमध लव्हाळ्याचे टोकदार अंकुर दिसू लागतात. यांपैकी एकालाही कोणी बोलावलेले नसते. घरधनीण खुरपे घेऊन बसते आणि एकेक उपटून बाजूला टाकू लागते. हे काम इतके नित्याचे, इतके क्षुल्लक वाटते की त्याला काही इतिहास असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. पण माणसाने पहिल्यांदा बी पेरले त्याच हंगामात हे कामही त्याच्या मागे लागले असले पाहिजे. शेतीइतकीच निंदणीही जुनी आहे.

‘तण खाई धन’ असे आपल्याकडे म्हणतात, आणि ते अक्षरशः खरे आहे. पिकाच्या वाट्याचे पाणी, खत आणि ऊन हे तिन्ही तण आधी घेते. परंतु तण म्हणजे नेमके काय, हा प्रश्न विचारला की उत्तर सोपे राहत नाही. वनस्पतिशास्त्रात तण नावाचे कुळ नाही, जात नाही. ज्या गवताच्या एकवीस जुड्या गणपतीच्या मस्तकावर भक्तिभावाने वाहतात त्या दूर्वा. आणि तेच गवत शेतात शिरले की ती हरळी, जिच्या नावाने शेतकरी कपाळाला हात लावतो. वनस्पती एकच, देव्हाऱ्यात तिला एक नाव आणि बांधाच्या आत दुसरे. तण हे अशा रीतीने वनस्पतीचे नाव नसून माणसाने तिच्याशी जोडलेल्या नात्याचे नाव आहे. ज्या टोमॅटोच्या रक्षणासाठी हे खुरपे चालत असते, त्या टोमॅटोचीच कुळकथा या गोष्टीची सर्वांत बोलकी साक्ष देते.

टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेतील पेरू आणि इक्वेडोर या देशांत आजही उगवतात. त्यांची फळे करवंदाएवढी, किंबहुना त्याहूनही लहान असतात. तेथून हे झाड उत्तरेकडे मेक्सिकोपर्यंत कसे गेले याचा लेखी पुरावा अर्थातच नाही. पण मेक्सिकोत ते पोचले आणि तेथेच त्याचे मोठ्या फळाचे रूप सिद्ध झाले, असे बहुतेक संशोधक मानतात. मेक्सिकोत मक्याची शेती फार प्राचीन. मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात घ्यावयाचे, अशी तेथील रीत. त्या शेताला ‘मिल्पा’ म्हणतात. या मिल्पात मक्याच्या ताटांमधून लहान फळांचे टोमॅटो आपोआप उगवत. त्यांना कोणी पेरीत नसे. ते तणच होते.

मात्र तेथील शेतकऱ्याची निंदणी सरसकट नव्हती. जे निरुपयोगी ते उपटावे आणि जे खाण्याजोगे ते राहू द्यावे, असा तिचा विवेक होता. शेतात आपण होऊन उगवणाऱ्या अशा खाद्य पालेभाज्यांना मेक्सिकोत आजही ‘केलिते’ हे वेगळे नाव आहे आणि आपली घोळ त्यांच्याही ताटात मानाने वाढली जाते. आस्तेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत ‘तोमात्ल’ हा शब्द गोल, रसाळ फळांना लावीत. लाल टोमॅटो तो ‘शितोमात्ल’ आणि फोपशा टरफलात वाढणारे त्याचे हिरवे भावंड ते ‘मिल्तोमात्ल’, म्हणजे शेतातले तोमात्ल. मक्याच्या शेतात ते इतके नेहमीचे झाले होते की शेत हा शब्दच त्याच्या नावात जाऊन बसला. उपटण्यासाठी पुढे झालेला कोण्या एका पिढीतील हात थबकला, त्याने ते रोप राहू दिले. पुढच्या पिढीने त्यातले मोठ्या फळाचे बी जपून ठेवले. आणि असे शेकडो वर्षे घडत गेले तेव्हा तणाचे पीक झाले. त्या हातांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत.

१५२१ साली स्पॅनिश सैन्याने आस्तेकांची राजधानी तेनोच्तितलान जिंकली. त्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागून या धर्मोपदेशकाने तेथील लोकजीवनाची तपशीलवार नोंद केली. तीत बाजारात नाना आकारांचे आणि रंगांचे टोमॅटो मांडून बसलेल्या विक्रेत्यांचेही वर्णन आहे. म्हणजे युरोपीय माणसाच्या दृष्टीस टोमॅटो पडला तेव्हा तो तण राहिला नव्हता. मंडईतला प्रतिष्ठित माल झाला होता. युरोपात मात्र त्याला पुन्हा परीक्षा द्यावी लागली. १५४४ साली मात्तिओली या इटालियन वैद्याने त्याचा उल्लेख केला, आणि १५५४ च्या आवृत्तीत त्याला सोन्याचे सफरचंद अशा अर्थाचे नाव दिले. विषारी धोत्र्या-बेलाडोनाच्या कुळातले हे फळ खावे की नुसते पाहावे, याचा निर्णय करण्यात पुढे दीडदोनशे वर्षे गेली. श्रीमंतांच्या बागांतून ते शोभेसाठी लावले जाई.

भारतात टोमॅटो पोर्तुगीजांच्या गलबतांतून आला, असे मानले जाते. मिरची आली ती पाहता पाहता घराघरांत रुजली. टोमॅटोला तेवढी घाई नव्हती. पुष्कळ काळ तो गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांतील भाजीच्या बागेपुरता राहिला. बंगाली माणसाने त्याला ‘बिलिती बेगुन’ म्हणजे विलायती वांगे म्हटले. मराठी मुलखात कोठे बेलवांगे, तर वऱ्हाडाकडे भेदरे ही नावे पडली. नवख्या फळाला ओळखीच्या वांग्याचे नाव देऊन लोकांनी त्याला आपल्या गोतात घेतले, आणि शास्त्रदृष्ट्याही ते बरोबरच होते. कारण वांगे, मिरची, बटाटा, तंबाखू आणि टोमॅटो ही सारी एकाच कुळातली भावंडे.

टोमॅटो परका होता. पण त्याच्या वाफ्यात चालणारे खुरपे परके नव्हते. ‘कृषिपराशर’ या प्राचीन संस्कृत ग्रंथात निंदणीला स्वतंत्र स्थान दिलेले आहे. उगवून आलेले धान्यही तृणमुक्त केले नाही तर पुरते फळ देत नाही, असा त्याचा अभिप्राय. मराठी भाषेत या एका कामाला जितके शब्द आहेत तितके फार थोड्या कामांना असतील. देशावर खुरपणी, विदर्भ-खानदेशात निंदणी, साताऱ्या-कोल्हापुराकडे भांगलण, कोकणात भाताची बेणणी. ओळींमधून बैलाच्या साहाय्याने चालवावयाचे ते कोळपे. वऱ्हाडात तेच डवरा. ज्या गोष्टीशी रोजचा झगडा असतो तिच्यासाठी भाषा शब्दांची काटकसर करीत नाही.

कोळपे चालायचे तर पीक ओळीत हवे, आणि ओळीत पेरायचे तर पाभर किंवा तिफण हवी. युरोपात बी बहुधा हाताने फेकून पेरीत. मग त्यात जनावराने ओढायचे अवजार फिरणार कसे? जेथ्रो टल या इंग्रज जमीनदाराने १७०१ च्या सुमारास पेरणीचे यंत्र तयार केले आणि १७३१ साली घोड्याने ओढावयाच्या कोळप्याच्या शेतीवर आपला गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. वनस्पती मातीचे बारीक कणच खातात, ही त्याची कल्पना चुकीची होती. पण ओळींमधली जमीन मोकळी आणि स्वच्छ ठेवली की पीक वाढते, हे त्याचे निरीक्षण अचूक होते. इंग्लंडात हा मोठा शोध गणला गेला. पुढे १७९५ साली थॉमस हॅलकॉट हा कंपनी सरकारचा कॅप्टन दक्षिण भारतात घोड्यावरून जात असता त्याला एका शेतात साधी लाकडी पाभर चाललेली दिसली. हे अवजार युरोपचा आधुनिक शोध आहे अशी आपली तोवर समजूत होती, असे त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले आहे.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ डॉ. जॉन ऑगस्टस फोल्कर यांना येथील शेती सुधारण्याचे उपाय सुचविण्यासाठी धाडण्यात आले. १८८९ च्या अखेरीस ते आले, वर्षभर देश हिंडले आणि १८९३ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. शिकवायला आलेल्या या पाहुण्याने आधी दाद दिली. शेत तणापासून काटेकोरपणे स्वच्छ ठेवण्याची याहून चांगली उदाहरणे अन्यत्र सापडणार नाहीत, असा त्यांचा अभिप्राय होता. ही स्वच्छता कोणाच्या हातची, हे मात्र स्पष्टपणे सांगावयास हवे. नांगर पुरुषाचा, पाभर बहुधा पुरुषाची. पण खुरपे बायकांचे. उकिडवे बसून, पायांवर सरकत, उन्हापावसात ओळीमागून ओळ उरकणारी स्त्री ही भारतीय शेतीच्या त्या कीर्तीची खरी धनीण. पिकाच्या हिशेबात खुरपणीचा खर्च मांडला जातो; तिच्या गुडघ्यांचा आणि पाठीचा हिशेब कोणत्याही वहीत नसतो.

या श्रमाला जोड असते ती नजरेची. खुरपणाऱ्या बाईला दोन पानांवर आलेले रोप ओळखता यावे लागते, आणि येथेच तणाने माणसाशी एक विलक्षण डाव मांडला आहे. जे तण पिकाहून वेगळे दिसते ते पहिल्या फेरीत उपटले जाते. जे थोडेफार पिकासारखे दिसते ते चुकून वाचते आणि त्याचेच बी पुढच्या वर्षी पडते. अशा शेकडो फेऱ्या झाल्या की माणसाच्या डोळ्यांनीच, त्याच्या नकळत, पिकाचे सोंग घेणारे तण निवडून काढलेले असते. गव्हासारखे दिसणारे आणि गव्हात मिसळून येणारे विषारी गवत बायबलातील दाखल्यात येते ते याचमुळे. भाताच्या खाचरांत सावा कुळातील एक गवत असेच भाताचे रूप घेऊन उभे असते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांनी या प्रकाराचा अभ्यास केला आणि त्याहूनही नवलाची गोष्ट दाखवून दिली. राय हे धान्य मुळात गव्हाच्या शेतातले तण होते. ते गव्हासारखे होत गेले, आणि थंड, निकस प्रदेशांत गहू हरला तेथे तेच तण धान्य म्हणून कोठारात गेले. टोमॅटोची कथा ही अशा रीतीने एकट्या टोमॅटोची कथा नाही.

या डावाचे एक भारतीय उदाहरण छत्तीसगडातले आहे. तेथील भातशेतीत ‘करगा’ नावाचे रानभात शिरते. कोवळेपणी ते भाताहून निराळे दिसत नाही आणि पिकल्यावर कापणीपूर्वीच दाणे गाळून टाकते. यावर उपाय म्हणून जांभळ्या पानांचे भात लावण्याची युक्ती योजण्यात आली. शेतात जे जांभळे ते आपले, जे हिरवे ते उपटावे. ओळखायला लहान मूलही पुरेल. काही वर्षे युक्ती फळली. पण रानभात आणि पेरलेले भात यांचा वाऱ्यावर संकर होतच असतो. हळूहळू रानभातही जांभळ्या पानांचे झाले, आणि खुरपणारी बाई पुन्हा होती तेथेच आली.

सोंग न घेता केवळ चिकाटीवर जगणारी तणे आणखी वेगळी. दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा ही गवते एकदा खोल गेली की लाकडी नांगराला दाद देत नसत. जमिनी पडीक पडत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल, या समजुतीने शेतकरी तो घेईनात. पण खोल गेलेले मूळ उलथून टाकणारे अवजार हळूहळू पटले. लव्हाळ्याचे तर विचारूच नये. तुकोबांनी नम्रतेची थोरवी सांगण्यासाठी लव्हाळ्याचा दाखला दिला; बागाइतदाराला त्याच लव्हाळ्यात केवळ हट्ट दिसतो. वरची पात उपटली की जमिनीखालच्या गाठींची माळ जागी होते आणि एकाचे चार होतात. जगातील तणांचा आढावा घेणाऱ्या १९७७ सालच्या एका प्रसिद्ध ग्रंथात त्याला पहिले स्थान मिळाले. याच गाठी वैद्याच्या दुकानात नागरमोथा म्हणून विकल्या जातात, हा दूर्वा-हरळीचाच न्याय पुन्हा दिसतो.

हात थकले, डोळे फसले, नांगरही पुरा पडेना. तेव्हा माणसाने रसायनाकडे आशेने पाहिले, आणि या प्रकरणात टोमॅटोला पुन्हा महत्त्वाची भूमिका आली. १९४२ साली झिमरमन आणि हिचकॉक या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ‘टू-फोर-डी’ या द्रव्याचा वनस्पतींच्या वाढीवर होणारा विलक्षण परिणाम नोंदविला. ज्या रोपांवर असे प्रयोग चालत त्यांत टोमॅटोची रोपे प्रमुख होती. कारण या द्रव्याचा अत्यल्प अंशही टोमॅटोला सोसत नाही. त्याची पाने मुरडतात, देठ पिळवटतात, झाड वेडेवाकडे होते. दुसरे महायुद्ध संपताच हे द्रव्य तणनाशक म्हणून बाजारात आले. रुंद पानांची तणे मरावीत आणि गवतवर्गातील पीक शाबूत राहावे हा त्याचा गुण. म्हणून गहू, मका, ऊस यांच्या शेतांत त्याचे स्वागत झाले. पण टोमॅटो स्वतःच रुंद पानांचा! शेजारच्या शेतातील फवारा वाऱ्याबरोबर आला किंवा तणनाशकाचा पंप नीट न धुता टोमॅटोसाठी वापरला, तरी वाफा हातचा जातो. रसायनाने तण आणि पीक यांत भेद केला तो पानांच्या रुंदीवरून. आपपरभाव त्याला ठाऊक नव्हता.

पुढे निरनिराळी तणनाशके निघाली. १९७४ साली बाजारात आलेले ग्लायफोसेट तर हिरव्या दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वनस्पतीला मारणारे. परंतु रानभाताने जांभळ्या पानांना दिलेले उत्तर येथेही चुकले नाही. १९६८ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका रोपवाटिकेतील तणाला तणनाशक लागू पडेनासे झाले. पूर्वी खुरप्यातून वाचणारे तण निवडले जात होते. आता फवाऱ्यातून वाचणारे निवडले जाऊ लागले. त्यानंतर अशा तणांची यादी जगभर वाढतच गेली.

आणि यंत्रे व रसायने यांत सर्वांत पुढे असलेल्या अमेरिकेतही वाकलेली पाठ नाहीशी झाली नव्हती. कॅलिफोर्नियात बीट, लेट्यूस यांसारख्या पिकांची विरळणी आणि निंदणी करणाऱ्या मजुरांच्या हाती अगदी आखूड दांड्याची कुदळी दिली जाई. त्यांतले बहुसंख्य मूळचे मेक्सिकन. त्या अवजाराला ते स्पॅनिशमध्ये ‘एल कोर्तितो’, म्हणजे बुटके, म्हणत. आखूड दांड्याने काम नेमके होते, रोपाला इजा होत नाही, असे मळेवाले सांगत. दिवसभर कमरेत वाकून माणूस कायमचा अधू होतो, असे डॉक्टर सांगत. अखेर १९७५ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय मजुरांच्या बाजूने लागला आणि आखूड कुदळी बंद झाली. दांडा लांब झाल्याने तेथील शेती बुडाली नाही. ज्यांच्या पूर्वजांच्या हातांनी मिल्पातल्या तणाचे टोमॅटो केले, त्यांच्या वंशजांना ताठ उभे राहून तण काढण्याचा हक्क मिळविण्यासाठी न्यायालयात जावे लागले. आपल्याकडील खुरपे अद्याप आखूडच आहे. उभ्याने ढकलीत चालवावयाचे सायकल-कोळपे अनेक गावांत आले, तरी ओळीतले तण काढायला बाईला बसावेच लागते.

मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या प्रदेशातून भारतात आलेला दुसराही एक पाहुणा आहे. त्याचा उल्लेख केल्याखेरीज ही कथा पुरी होत नाही. गाजराच्या पानांसारखी पाने आणि पांढऱ्या बारीक फुलांचे तुरे असलेले एक झुडूप १९५५ च्या सुमारास पुण्यात लोकांच्या नजरेस आले आणि पुढच्या वर्षी त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आले, अशी लोकांची समजूत झाली. पण रॉक्सबर्गच्या १८१४ सालच्या कलकत्त्यातील उद्यानाच्या यादीत त्याचे नाव आढळते. लोकांनी त्याला गाजरगवत म्हटले, काँग्रेस गवत म्हटले, कोठे चटकचांदणी असे गोड नावही दिले. स्पर्शाने कातडीला खाज सुटते, परागांनी दमा बळावतो, गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. पुण्याच्या माळावरून निघून त्याने सारा देश व्यापला. १९८४ साली बंगळूर येथे त्याच्यावर मेक्सिकोतलाच एक भुंगेरा सोडण्यात आला. तो ही पाने आवडीने खातो. पण हे तण त्याच्या भुकेला पुरून उरले.

बंगळूरच्याच शास्त्रज्ञांना संशोधनात असे आढळले की, गाजरगवताचे पराग उडून टोमॅटो, वांगी, मिरची यांच्या फुलांवर बसले तर फळधारणा घटते. एकाच भूमीतून निघालेले हे दोन प्रवासी. एकाला घरोघर मानाचे स्थान मिळाले, दुसऱ्याला रस्त्याची कडा मिळाली; आणि तो कडेवरून अजून पहिल्याचे नुकसान करीत आहे. आलेला प्रत्येक परका टोमॅटो होत नाही, हेही या इतिहासाचे एक वचन आहे. तण ही माणसाची व्याख्या असली, तरी सारीच तणे निरपराध असतात असा त्याचा अर्थ नव्हे.

मग परसदारच्या वाफ्याने या साऱ्यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट काळाची. मिशिगन येथील विल्यम बील या प्राध्यापकांनी १८७९ साली निरनिराळ्या तणांचे बी वाळूत मिसळून वीस बाटल्यांत भरले आणि जमिनीत पुरून ठेवले. ठराविक वर्षांनी एकेक बाटली उकरावयाची, असा संकल्प होता. बील गेले, त्यांचे शिष्य गेले. २०२१ साली उघडलेल्या बाटलीतील काही बी १४२ वर्षांनंतरही रुजले. तेव्हा फुलावर आलेले एक तण उपटण्याचे आज टाळले, तर त्याचे व्याज नातवंडांना फेडावे लागते. लावणीपूर्वी वाफ्याला एकदा पाणी देऊन वरचे तण उगवू द्यावे, ते काढून टाकावे आणि मगच रोपे लावावीत, ही जुनी युक्ती म्हणूनच मोलाची. लावणीनंतरचे पहिले चारसहा आठवडे सर्वांत नाजूक. त्या काळात वाफा स्वच्छ राहिला, तर पुढे टोमॅटो आपल्याच सावलीने तणाला आवर घालतो.

दुसरी गोष्ट श्रमाची. टोमॅटोची पुष्कळ मुळे वरच्या थरात पसरतात. म्हणून खुरपे खोल घालू नये. जमीन वाळका पाला, पेंढा किंवा उसाचे पाचट यांनी चारपाच बोटे झाकली, तर उजेडाअभावी बरेचसे तण उगवतच नाही, ओल टिकते आणि पावसाच्या मारा-शिंतोड्यांनी पानांवर उडणारा चिखल व त्यासवे येणारे रोगही कमी होतात. अमेरिकेतील रूथ स्टाऊट या वयस्क बाईंनी आपली बाग बारा महिने वाळल्या गवताखाली झाकून ठेवली आणि पाठ न दुखविता बाग कशी करावी, यावर १९५५ साली पुस्तक लिहिले. ते आवडीने वाचले गेले. लव्हाळा आणि हरळी यांना मात्र पाचट पुरत नाही. लव्हाळ्याचा अंकुर प्लॅस्टिकचा कागदही भोकसून वर येतो. तेथे गाठ खणून काढणे आणि पुन्हा पुन्हा काढणे, एवढाच मार्ग.

तिसरी गोष्ट विवेकाची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. घोळ, तांदुळजा, चाकवत कोवळे असताच उपटून भाजीच्या टोपलीत टाकावेत. वाफाही स्वच्छ होतो आणि एक वेळची भाजीही होते. कामोणी ही तर टोमॅटोच्याच कुळातली. पण म्हणूनच ती वाफ्यात नको, कारण टोमॅटोच्या किडी आणि रोग तिच्या आश्रयाने टिकतात. पाने मुरडण्याचा रोग पसरविणारी पांढरी माशीही अशाच तणांवर दिवस काढते. कोणाला ठेवावे आणि कोणाला काढावे, हे फवाऱ्याला कळत नाही. ते ओळखीने कळते. मोठ्या शेतात ही ओळख परवडत नाही, असे म्हणता येईल. परसातल्या दहावीस रोपांना ती सहज परवडते.

१९६२ च्या डिसेंबरात ह्यू इल्टिस हे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ पेरूमधील आंदीज पर्वतात रानटी बटाट्याच्या शोधात हिंडत होते. एका शेताच्या कडेला त्यांना चिकट पानांचे, पिवळ्या फुलांचे, दुर्गंधी आणि दिसायला केवळ तण असे एक टोमॅटोवर्गीय झुडूप दिसले. त्याची हिरवट, लहानशी फळे खाण्यालायकही नव्हती. त्यांनी काही फळे तोडली, नमुन्याला ८३२ हा क्रमांक दिला आणि बी कॅलिफोर्नियातील टोमॅटोतज्ज्ञ चार्ल्स रिक यांच्याकडे पाठविले. ती नवीच जात निघाली. १९७६ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. लागवडीच्या टोमॅटोशी तिचा संकर करून अनेक पिढ्या निवड केल्यावर टोमॅटोच्या रसातील साखर आणि घनांश यांत लक्षणीय वाढ करता आली. रस आटवून विकणाऱ्या उद्योगाच्या दृष्टीने ते बी मौल्यवान ठरले.

त्या दिवशी त्या शेताचा मालक जर कुदळी घेऊन बांध साफ करीत आला असता, तर त्याला दोष देता आला नसता. त्याने आपले काम केले असते. आणि मक्याच्या शेतात थबकलेल्या त्या अज्ञात हाताचेही काम तेच होते, तण काढण्याचे. त्याने फक्त उपटण्यापूर्वी एक क्षण नीट पाहिले. परसातील वाफ्यात खुरपे चालविणाऱ्या प्रत्येक हाताला तोच एक क्षण मिळालेला असतो.